वाघीण दुसरी: फळ्या आत, सांगाडा बाहेर

४ जानेवारी

मॉडेल रेल्वेसाठी माझ्या दुसऱ्या वाघिणीचा, म्हणजे मालगाडीच्या डब्याचा, आराखडा आज पक्का झाला. एचओ, म्हणजे १:८७.१ या प्रमाणातली चाळीस फुटी बंद वाघीण. लाकडीच, पण हिच्या फळ्या आतून बसवलेल्या आणि पोलादी सांगाडा बाहेर उघडा. अमेरिकेत हिला सिंगल शीद्ड म्हणतात. फळ्यांचा एकच थर, तोही आडवा, आणि त्याला बाहेरून उभ्या-तिरक्या पट्ट्यांनी धरून ठेवलेलं. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१७ मध्ये, तिथल्या सरकारने रेल्वे ताब्यात घेतल्या आणि १९१८ मध्ये वाघिणींचे प्रमाण आराखडे काढले. त्यात पन्नास टनी बंद वाघीण याच जातीची होती. पोलादाची चणचण होती, त्यामुळे पोलाद भार पेलणाऱ्या जागी आणि बाकी सगळं लाकूड, असा तो हिशेब.

मला हीच का करायची होती? पोलादी वाघिणीची भिंत बघून भार कुठून कुठे जातो ते कळत नाही. इथे तो सगळा डोळ्यांसमोर असतो.

मापं: आतली लांबी ४० फूट ६ इंच, म्हणजे मॉडेलवर १४१.७ मिमी. आतली उंची ९ फूट, म्हणजे ३१.५ मिमी. दार ६ फुटी, म्हणजे २१ मिमी. दाराच्या दोन्ही अंगांना तीन-तीन गाळे (दोन उभ्या पट्ट्यांमधल्या जागा) धरले, तर एक गाळा जेमतेम २० मिमीचा होतो. बोगीचा, म्हणजे डब्याखालच्या चार चाकांच्या चौकटीचा, मध्य टोकाकडून पहिल्या उभ्या पट्टीखाली येतो. बोगी, चाकं आणि कपलर (डबे एकमेकांना जोडणारे आकडे) विकतचे. बाकी सगळं स्टायरीन या प्लॅस्टिकच्या पत्र्यातून.

६ जानेवारी

एक मिमी जाडीच्या स्टायरीनवर फळ्यांच्या खाचा ओढल्या. फळी साधारण सव्वापाच इंची, म्हणजे इथे १.५ मिमी. पूर्ण उंचीत एकवीस फळ्या बसतात.

सुरुवातीला दीड मिमीची एक पट्टी सरकवत-सरकवत खाचा ओढून बघितल्या. पाच खाचांनंतर व्हर्नियर लावला तर पाव मिमी पुढे गेलो होतो. म्हणजे दर खेपेला पाच शतांश मिमीची चूक. एकवीस फळ्यांत ती एक मिमीवर गेली असती आणि सगळ्यात वरची फळी चिंधीसारखी राहिली असती. तो तुकडा बाजूला ठेवला. नव्या तुकड्यावर सगळ्या खुणा एकाच खालच्या कडेपासून मोजून केल्या. आता चूक झाली तरी ती त्या एका खाचेपुरती राहते, पुढे साचत जात नाही.

खाच ओढायला ब्लेडची पाठ वापरतो. धारेने प्लॅस्टिक फक्त चिरतं आणि दोन्ही कडा फुगतात. पाठीने बारीक तार निघते आणि खरी खाच पडते. हात तीनदा, दर वेळी हलकाच. नंतर ओल्या बारीक पॉलिश पेपरवरून एकदा फिरवलं.

लाकडाच्या रेषा काढायच्या का, यावर बराच वेळ थांबलो. बऱ्याच मॉडेलांवर करवतीचे दात ओढून खोल रेषा पाडलेल्या असतात. फोटोत त्या छान दिसतात. पण ०.१ मिमी खोल ओरखडा म्हणजे खऱ्या वाघिणीवर जवळजवळ ९ मिमीची भेग. एवढ्या भेगा असलेल्या फळ्यांतून धान्य रस्ताभर सांडत गेलं असतं. म्हणून रेषा नाहीत. लाकूड दाखवायचं ते रंगातून.

९ जानेवारी

सांगाडा लावण्याआधी कैचीचा, म्हणजे उभ्या-तिरक्या पट्ट्यांच्या त्रिकोणी जोडणीचा, विचार नीट करून घेतला. पट्टी कुठे लावायची ते फोटोत दिसतं, पण का लावायची ते समजलं नाही तर हात चुकतो.

वाघिणीची बाजू म्हणजे भिंतीत उभी केलेली कैचीच. छपराच्या कैचीला दोन्ही टोकांना टेकू असतो, इथे टेकू टोकांना नसून बोगींवर आहे. त्यामुळे बोगीच्या बाहेरचा गाळा अधांतरी लटकतो आणि आतले गाळे दोन बोगींच्या मध्ये ताणले जातात. तिरक्या पट्ट्या लावायच्या दोन पद्धती. हाव कैचीत तिरक्या पट्ट्या मध्याकडे वर चढतात, त्यांच्यावर दाब येतो आणि उभ्यांवर ताण. प्रॅट कैचीत त्या मध्याकडे खाली उतरतात, म्हणजे तिरक्यांवर ताण आणि उभ्यांवर दाब. दाबाखालची पट्टी वाकून बाहेर पडू शकते, म्हणून तिला नुसती चपटी पट्टी चालत नाही, आकाराची खोली लागते.

मी हाव निवडली. बोगीवरच्या उभ्या पट्टीच्या पायथ्यापासून एक तिरकी पट्टी दाराकडे वर जाते आणि दुसरी वाघिणीच्या टोकाकडे वर जाते, त्यामुळे तिथे ठळक ‘व्ही’ दिसतो. पट्ट्या दीड मिमीच्या झेड आकाराच्या, सगळीकडे त्याच. दारापाशी तिरकी पट्टी लावता येत नाही, कारण तिथे मोकळी जागा हवी. म्हणून तिथला भार खालचा कणा घेतो. त्या काळच्या पुष्कळ वाघिणींचा मधला कणा माशाच्या पोटासारखा मध्ये खोल असतो, तसाच मीही करणार.

ट्रेसिंग पेपरवर एका बाजूचं चित्र १:१ काढलं. आधी त्यावर पट्ट्या कापायच्या आणि मग तेच चित्र पत्र्याखाली ठेवून जागा धरायच्या.

१३ जानेवारी

पहिली बाजू पूर्ण. आठ उभ्या, सहा तिरक्या. तिरक्या पट्टीचं टोक दोन वेगवेगळ्या कोनांत कापावं लागतं, एक बाजू उभ्या पट्टीला भिडणारी आणि एक आडव्या कडेला. आधी थोडी लांब कापून कानशीने उतरवत आणली की सांधा दिसत नाही. स्टायरीन जोडायचं द्रावक ब्रशच्या टोकावर थेंबभरच. जास्त झालं तर झेडची पातळ कड वितळून मऊ पडते.

१७ जानेवारी

दुसरी बाजूही झाली. या वेळी हात बसला होता, चार संध्याकाळींऐवजी तीनच लागल्या.

१८ जानेवारी

दोन्ही बाजू पाठीला पाठ लावून दिव्यासमोर धरल्या. एका बाजूची लांबी दुसरीशी जुळते का, एवढंच बघायचं होतं. एक मिमीचं पांढरं स्टायरीन उजेड जाऊ देतं, त्यामुळे पट्ट्या पलीकडून करड्या सावलीसारख्या दिसतात. उभ्या पट्ट्या एकावर एक बरोबर बसल्या. तिरक्या मात्र बसल्या नाहीत. सहाच्या सहा गाळ्यांत फुली दिसत होती.

क्षणभर काहीच कळलं नाही. मग टेबलावरचा ट्रेसिंग पेपर उचलला आणि लक्षात आलं. तो दोन्हीकडून सारखाच दिसतो. डावी-उजवी उलटली असती तर काहीच बिघडलं नसतं, कारण बाजू मध्याभोवती सममित आहे. मी तो वर-खाली उलटा ठेवला होता. वर-खाली उलटलं की व्ही पालथा होतो आणि हाव कैचीची प्रॅट होते. म्हणजे माझ्या वाघिणीची डावी भिंत एका नियमाने भार वाहते आणि उजवी त्याच्या बरोबर उलट. अशी वाघीण कोणत्याही कारखान्यातून बाहेर पडली नसती.

१९ जानेवारी

रात्री बराच वेळ एकच विचार डोक्यात होता. मॉडेलच्या दोन्ही बाजू एकाच वेळी कोणालाच दिसत नाहीत. वाघीण रुळावर उभी असते, आपण एका अंगाला उभे असतो. सांधे उत्तम झाले होते, लांबी बरोबर होती. ही बाजू तशीच लावली असती तर कुणी बोट ठेवलं नसतं.

पण मी ही वाघीण घेतलीच या कारणासाठी, की हिचा सांगाडा बाहेर आहे आणि तो वाचता येतो. ती उचलून फिरवताना दर वेळी मला ती फुली दिसली असती. पट्ट्या काढून पुन्हा लावायचाही विचार केला, पण द्रावकाने जोडलेलं स्टायरीन चिकटत नाही, एकजीव होतं. पट्टी खरवडली तर खालच्या खाचाही जातात. म्हणून दुसरी बाजू नव्याने. उलटी झालेली बाजू टाकून दिलेली नाही. तिच्यावर आता रंगाचे प्रयोग होतील.

ट्रेसिंग पेपरवर लाल शाईने बाण काढला आणि ‘वर’ असं लिहिलं.

२५ जानेवारी

दुसरी बाजू, खरी. दिव्यासमोर धरून पाहिली. प्रत्येक गाळ्यात एकच तिरकी सावली.

२८ जानेवारी

बोल्ट. प्रत्येक फळी प्रत्येक पट्टीला बोल्टने आवळलेली असते. एका पट्टीवर फळीमागे एक धरला तरी चौदा गुणिले एकवीस म्हणजे एका बाजूला २९४, दोन्ही मिळून ५८८. खऱ्या वाघिणीवर याहून जास्त असतात, पण या प्रमाणात एकाजवळ एक दोन ठिपके नुसती रेघ वाटतात.

सुईने मागून उठवायचे तर पत्रा ०.१३ मिमीचा लागतो, आणि झेड पट्टीवर ते शक्यच नाही. म्हणून रेझिनचे उठावदार ठिपके असलेली डिकल (पाण्यात कागदावरून सुटणारं चिकटचित्र) पट्टी वापरली. पट्टी अरुंद कापायची, कोमट पाण्यात सोडवायची, आणि ब्रशने ओढून प्रत्येक ठिपका फळीच्या बरोबर मध्यावर आणायचा. ठिपक्यांचं अंतर माझ्या फळ्यांशी तंतोतंत जुळलं नाही, त्यामुळे दर चार-पाच ठिपक्यांनंतर पट्टी तोडून पुन्हा बसवावी लागली. पांढऱ्यावर पांढरं, काहीच दिसत नाही. दिवा अगदी तिरपा ठेवला की ठिपक्यांच्या सावल्या पडतात, त्या सावल्यांवरूनच काम केलं. सगळे पूर्ण व्हायला तीन रात्री गेल्या.

१ फेब्रुवारी

टोकाच्या नालीदार पोलादी भिंती नव्याने केल्या नाहीत. एका जुन्या तयार वाघिणीचं शरीर तडकलेलं पडून होतं, तिची टोकं करवतीने सोडवली. उंचीला ०.८ मिमी जास्त होती. वरून कापली असती तर वरची नाली अर्धी झाली असती, म्हणून खालून घासली. तिथे कपलरची पेटी येते आणि काही दिसत नाही. या टोकांवर साच्यातच उठवलेल्या हातमुठी (चढताना धरायच्या दांड्या) होत्या, त्या छिन्नीसारख्या ब्लेडने सपाट केल्या. तिथे आता तारेच्या येतील.

मग पेटी बांधली. चारी कोपरे गुण्यात धरून, आत दोन आडवे पडदे. पडद्यांना आणि तळाला भोकं पाडली आहेत, आणि हे विसरायचं नव्हतं. माझी पहिली वाघीण पूर्ण बंद केली होती. जोडताना वापरलेल्या द्रावकाची वाफ आत कोंडली आणि पाच-सहा महिन्यांनी दोन्ही बाजू मध्ये खोल गेल्या. बाहेरून काहीही करून त्या परत सरळ झाल्या नाहीत. वाफेला बाहेर जायला वाट हवी, मग भिंती सरळ राहतात.

४ फेब्रुवारी

वजन. नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन १९३५ मध्ये स्थापन झाली, तिची शिफारस एचओसाठी अशी: मुळात एक औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. माझी वाघीण टोकापासून टोकापर्यंत १४४ मिमी, म्हणजे ५.६७ इंच. हिशेब ३.८३ औंस, सुमारे १०९ ग्रॅम. बोगींसकट रिकामं शरीर ४६ ग्रॅम भरलं.

बाकीचं वजन पोलादी नटांचं, जाड इपॉक्सीने तळाला चिकटवलेलं, बरोबर दोन बोगींच्या वर. शिसं वापरलं नाही. लाकडाच्या पांढऱ्या गोंदात बसवलेलं शिसं काही वर्षांनी गंजून फुगतं आणि भिंती आतून फोडतं. जड काहीही छताजवळ नको. गुरुत्वमध्य वर गेला की वळणावर वाघीण डुलते.

९ फेब्रुवारी

खालचा भाग. माझ्या मॉडेल रेल्वेची मांडणी १९४८ सालची धरली आहे, म्हणून ब्रेक एबी प्रकारचा. १९३३ पासून नव्या वाघिणींना तोच बंधनकारक झाला आणि जुन्यांनाही हळूहळू बसवला गेला. आधीच्या के ब्रेकमध्ये सिलिंडर, टाकी आणि झडप बहुधा एकमेकांना जोडून एकाच तुकड्यासारखी असत. एबीमध्ये तीन वेगळ्या वस्तू: सिलिंडर, दोन कप्प्यांची टाकी आणि झडप. कप्प्यांपैकी एक रोजच्या ब्रेकसाठी, दुसरा आणीबाणीसाठी.

हे काम मला मनापासून आवडलं. गाडीभर जाणारा मुख्य नळ ०.५ मिमीच्या तारेचा. त्याला फुटणारी शाखा झडपेकडे. झडपेकडून टाकीला दोन नळ, सिलिंडरला एक. नळातला दाब उतरला की झडप टाकीतली हवा सिलिंडरमध्ये सोडते, दांडा बाहेर येतो, तरफ फिरते आणि दोन्ही बोगींकडचे दांडे ओढले जातात. हाताचा ब्रेकही साखळीने त्याच तरफेला ओढतो. प्रत्येक तार लावताना पुढचं टोक कुठे जाणार ते माहीत होतं, त्यामुळे एकही तार शोभेची नाही. उलटी करून ठेवली की बघतच राहावंसं वाटतं.

१२ फेब्रुवारी

हातमुठी, शिड्या, छपरावरची तीन फळ्यांची पायवाट. मुठी ०.२५ मिमीच्या पितळी तारेच्या. खऱ्या मापाने ती २२ मिमी होते, म्हणजे किंचित जाड, पण यापेक्षा बारीक तार बोट लागताच वाकते. मुठीमागे हात शिरायला निदान दोन इंच मोकळी जागा लागते, ती इथे ०.५८ मिमी. सगळ्या मुठींखाली ०.६ मिमीची पट्टी सरकवून मग चिकटवल्या आणि पट्टी काढून घेतली. एका रांगेत उभ्या आहेत.

तारेचं एक टोक चिमट्यातून उडालं आणि पुन्हा सापडलं नाही. नवीन केलं.

१७ फेब्रुवारी

रंग. आयर्न ऑक्साइडचा तांबूस तपकिरी. तो रंग स्वस्त आणि टिकाऊ, म्हणूनच मालगाड्यांवर इतका दिसतो. उलट्या झालेल्या बाजूवर आधी तीन छटा करून बघितल्या आणि मधली घेतली. मग दर चार-पाच फळ्यांतली एक फळी मूळ रंगात थोडा राखाडी मिसळून हाताने रंगवली. सगळ्या फळ्या एकाच वयाच्या नसतात, मोडलेली फळी बदलतात आणि तिचा रंग वेगळा दिसतो. पट्ट्यांवर तो राखाडी येऊ दिला नाही.

२२ फेब्रुवारी

अक्षरं. आधी चकचकीत थर, त्यावर डिकल, त्यावर डिकल मऊ करणारं द्रव. खाचांवर डिकल तंबूसारखं ताणलं जातं, म्हणून सुकण्याआधी नव्या ब्लेडने प्रत्येक खाचेवर चिरून पुन्हा द्रव सोडलं. दुसऱ्या दिवशी ते फळीवर रंगवल्यासारखं बसलं होतं.

आकड्यांबद्दल मी काटेकोर आहे. पन्नास टनी वाघिणीच्या आसांवर, साडेपाच बाय दहा इंची जर्नल (आसाचं बेअरिंगमध्ये बसणारं टोक) असल्यास, एकूण १,६९,००० पौंड चालत. म्हणून वाघिणीवर लिहिलेलं रिकामं वजन आणि भाराची मर्यादा यांची बेरीज तेवढीच यायला हवी. मी ४५,३०० आणि १,२३,७०० असे लिहिले. लाकूड वाळतं, दुरुस्त्या होतात, वजन बदलतं. म्हणून वाघिणी ठरावीक काळाने पुन्हा तोलत आणि आकडे नव्याने रंगवत. त्या दोन आकड्यांमागे एक ताज्या रंगाचा चौकोन केला, बाकीच्या बाजूपेक्षा गडद.

२६ फेब्रुवारी

जुनेपणा. गंज फक्त पोलादावर, झेड पट्ट्यांच्या खालच्या कोनात, जिथे पाणी थांबतं. फळ्यांवर गंज नाही, फक्त पट्ट्यांकडून खाली ओघळलेली पुसट रेघ. टोकांच्या भिंतींवर चाकांनी उडवलेली धूळ, खडूच्या भुकटीने. सगळ्यावर मॅट थर. इथे हात आवरता घेतला, कारण ५८८ बोल्ट भुकटीखाली जाऊ द्यायचे नव्हते.

१ मार्च

रुळावर. एक बोगी अशी आवळली की ती फक्त फिरते. दुसरी सैल, ती फिरते आणि डोलतेही. तिपाईला जसे तीन पाय असतात आणि ती डुगडुगत नाही, तसंच हे. रुळ किंचित पिळला तरी आठही चाकं खाली राहतात.

कपलर मापावर धरला तर एक टोक ०.४ मिमी खाली. रुळापासून ९.९ मिमी हवं, ते तिथे ९.५ होतं. बोगी आणि बोल्स्टरच्या (डब्याच्या तळाला बोगीवर टेकणाऱ्या आडव्या तुळईच्या) मध्ये फायबरची एक पातळ चकती घातली आणि दोन्ही टोकं बरोबर आली. एस वळणावर ढकलत नेली, ओढत नेली, वीस वाघिणींच्या मध्ये जोडून उलट्या दिशेने नेली. एकदाही उतरली नाही.

आता ती दोन पोलादी वाघिणींच्या मध्ये बाजूच्या रुळावर उभी आहे. तिरप्या उजेडात पट्ट्यांच्या सावल्या फळ्यांवर पडतात आणि बोगीच्या वरचा व्ही लांबूनही वाचता येतो. गाडी वळणावरून परत आली तेव्हा पलीकडे जाऊन दुसरी बाजू बघितली. तिथेही व्ही.

तिसऱ्या वाघिणीसाठी कोळशाची हॉपर (खालून रिकामी होणारी उघडी वाघीण) काढायला घेतली आहे. ट्रेसिंग पेपरवर पहिली रेघ बाणाची.